थाळीत ठेवलेला मान

सिस्टर, आज नातीला काँक्रीट आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाउन समजावताना तुमची फार आठवण आली. पांढुर्ण्याच्या आमच्या घरात ती जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसली होती आणि मी तिच्यासाठी संत्री सोलत होते. "आजी, संत्रं काँक्रीट अन् गोडवा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, हो ना?" मी हो म्हटलं. पुढचा शब्द आला 'रिस्पेक्ट', आणि मला हसूच फुटलं. "हसून काय राहिली गं?" ती चिडली. तिला काय सांगणार!

तेव्हा मी रामाकोन्याहून बसने सौंसरला तुमच्या शाळेत यायचे. गावातल्या मराठी शाळेतून थेट कॉन्व्हेंटात आलेली, वर्गात सगळ्यात मागे पडलेली मुलगी. तुम्ही केरळातून नुकत्याच आला होता. मराठी तुम्हाला समजायची, पण बोलायच्या तुम्ही हिंदीत, तीही अडखळत. "हाथ लगा सकते हो तो काँक्रीट, नहीं तो अ‍ॅब्स्ट्रॅक्ट." एवढा सोपा तुमचा नियम. आणि परीक्षेत मी रिस्पेक्ट काँक्रीटमध्ये टाकलं. तुम्ही मला उभं केलंत. "रिस्पेक्ट को हाथ लगा सकते हैं क्या?" मी म्हटलं, "हाँ सिस्टर. सफेद रहता है. थाली में रखते हैं." मुली बाकावर डोकं ठेवून हसल्या. तुम्ही हसला नाहीत. "किसने देखा?" एवढंच विचारलंत. मी तुम्हाला ताईचं लग्न सांगितलं.

त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं होतं. नवरदेवाकडच्या थोरल्या जावयाला दुपट्टा-नारळ द्यायचा राहून गेला, आणि ते मांडवाबाहेर बैलगाडीवर जाऊन बसले. "आमचा मान कोठी हाय?" दुसरं काही बोलेचनात. पंगत अडली. आईच्या डोळ्यांत पाणी. बाबा धावतपळत दुकानात गेले, आणि ते परतताना दिसले तसं कोणीतरी ओरडलं, "सरका, सरका, मान येऊन राहिला!" मी वाकून पाहिलं. थाळीत घडी केलेला पांढरा दुपट्टा आणि त्यावर नारळ. जावई लगेच जेवायला बसले. आता असा डोळ्यांनी पाहिलेला मान मी दुसऱ्या रकान्यात कसा लिहिणार होते?

इंग्रजीत नापास झाले ते झालेच. बाबा आईला म्हणाले, "पोरीच्या डोक्यात इंग्रजी शिरून नाही राहिली. कायले रोजचं जाणं-येणं? दिवाळीनंतर गावातल्याच शाळेत बसव तिला." मी दोन दिवस रडले आणि तुम्हाला सांगितलं.

रविवारी दुपारच्या बसमधून तुम्ही उतरता आहात. पांढरा झगा, पायांत चपला, मागे गावातली अर्धी पोरं. ओसरीवर बाबांना काय करावं सुचत नाही, ते स्वतःच खुर्ची पुसताहेत. तुम्ही पाणी पिता आणि सरळ म्हणता, "बेटी ने गलत लिखा. लेकिन क्यों लिखा, यह वो बता सकी. बाकी सबने सही लिखा, पूछो तो कोई नहीं बताता. इसको मत निकालिए." बाबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. मी दाराआड उभी आहे, फळीचा खिळा मुठीत धरून. मग बाबा आत वळून म्हणतात, "अवं, बाईले दुपट्टा-नारळ आण." आई कुजबुजते, "अहो, दुपट्टा तं माणसाले देतात. खण देऊ?" "खण कायले? त्या काही शिवून घालतात का? दुपट्टाच आण."

मला तेव्हाच कळलं, मी सौंसरलाच शिकणार. तोंडाने तर अजून कोणी काहीच बोललं नव्हतं.

तुम्ही थाळी दोन्ही हातांनी घेतलीत. दुपट्ट्यावरून बोटं फिरवलीत, दाराकडे माझ्याकडे पाहिलंत आणि हळूच म्हणालात, "हाँ. सफेद है."

पुढे तुमची बदली झाली, आणि तुम्ही वारल्याचं मला फार उशिरा कळलं. आयुष्य बरं गेलं, सिस्टर. शिकले, शिकवलं, आता नातीच्या वह्या तपासते. आज तिला रिस्पेक्ट अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्येच लिहायला सांगितलं, तिचे मार्क कशाला घालवू? हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून ते टेबलावरच राहील, संत्र्यांच्या सालींशेजारी. जाता जाता एक सांगून टाकते. पुढच्या परीक्षेत मी तो शब्द बरोबर रकान्यात लिहिला आणि तुम्ही खूश झालात. पण मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही.