नऊ नंबरचं कुलूप

ता. ४ जून

ती. सौ. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय.

नऊ नंबरच्या पवनचक्कीत छातीत कळ येऊन भाऊजी वरच गेले, त्यांना आम्ही दोरानं खाली आणलं, त्याला कित्येक महिने झाले. ती चक्की अजून बंदच आहे. वर चढणाऱ्यानं खालच्या स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि उतरल्यावर ते स्वतःच काढायचं, हा नियम भाऊजींनी तुझ्याकडूनसुद्धा पाठ करून घेतला होता. त्यांचं कुलूप तसंच लटकतंय. कंट्रोल रूममधल्या माझ्या पडद्यावर बाकीच्या चक्क्या हिरव्या, ही एकटी लाल: 'माणूस आत'. परवा कंपनीकडून त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छाही आल्या.

परदेशातल्या ऑफिसातल्या सेफ्टीच्या बाई फार गोड बोलतात. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग नऊ नंबर कधी सुरू होणार ते. इथला इन्चार्ज मी, म्हणून कुलूप तोडायचं मलाच. पण त्याआधी कुलपाच्या मालकाला फोन करून तो खाली आल्याची खात्री करायची, तीही रेकॉर्डवर. मी म्हटलं, तो माणूस वारलाय. त्या म्हणाल्या, फार वाईट झालं, पण फोन लावावाच लागेल. उचलला नाही तर तशी नोंद करा.

भाऊजींचा फोन तुझ्याकडे आहे. मी कळवीन त्या दिवशी बंद ठेवशील का?

कळावे. राग आला तरी लोभ उणा करू नकोस.

तुझा धाकटा

ता. ९ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हाताच्या सवयीनं तू 'सौ.' लिहिलंस. मी खोडलं नाही. राहू दे.

फोन मी रोज चार्ज करते, तो बंद करणार नाही. आणि ते कुलूपही तोडू नकोस. तुला कडेवर घेऊन फिरवलं, कधी काही मागितलं नाही, आता मागते. जो येतो तो सांगून जातो की ते गेले, आता सावर. मी मान डोलावते. पण ते कुलूप तिथं आहे तोवर माणूस कामावर आहे, एवढं मला झोप लागायला पुरतं. वेडी म्हण हवं तर. फुकटच्या वाऱ्यावर चालणारी तुमची कंपनी, एका चक्कीवाचून तिचं काय अडलंय?

जेवणाची आबाळ करू नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझी ताई

ता. १३ जून

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

कंपनीचं अडलं नसेल, माणसांचं अडलंय. नऊ नंबरच्या दारातून कुणी आत जाईना. परवा भर दुपारी नवा टेक्निशियन पांढराफटक होऊन बाहेर आला. वर शिडीवर कुणीतरी चढतंय म्हणाला. मी त्याची टर उडवली आणि स्वतः आत गेलो. ताई, मलाही ऐकू आलं. दोन पायऱ्या, मग थांबणं, मग पुन्हा पाऊल. भाऊजींचा गुडघा दुखायचा ना. मी हाक मारली नाही. वरून ओ आली असती तर काय केलं असतं?

मला भीती वाटते गं. त्यांना असं मधेच अडकवून ठेवायचं का? सोमवारी अकराला मी फोन लावणार. तू उचलू नकोस. वाजून वाजून थांबेल.

तुझा शब्द पहिल्यांदाच मोडतोय. पोटात घाल.

तुझा धाकटा

ता. १६ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

फोन वाजला तेव्हा पडद्यावर 'शेपूट' असं आलं. लग्नानंतर तू सारखा आमच्या मागे मागे असायचास, म्हणून त्यांनी तुझा नंबर त्या नावानं ठेवला होता. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी फोन उचलला.

माझा आवाज ओळखूनही तू नियमाप्रमाणे विचारलंस, या कुलपाचा मालक सुखरूप खाली आलाय का. अरे, आजवर सगळ्यांनी मला सांगितलंच होतं. विचारलं कुणीच नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यानं शिडीवर थांबलेले ते डोळ्यांपुढे आले, आणि वाटलं, मीच त्यांना उतरू देत नाहीये. मी म्हणाले, हो, ते खाली आलेत.

मग लाइनवर असलेल्या त्या सेफ्टीच्या बाई मधेच त्यांच्या भाषेत काही बोलल्या, आणि तू म्हणालास की रेकॉर्डवर नीट आलं नाही, पुन्हा एकदा सांगावं लागेल.

मी पुन्हा सांगितलं. त्या दुसऱ्या खेपेला माझं मलाच ऐकू आलं, आणि मी विधवा झाले.

तुझी ताई