कार्ड मीच बसवणार

३ मार्च, सोमवार
आजपासून मनातलं लिहून काढायचं ठरवलं. या घरात बोलायला गेलं की कोणी वाक्य पुरं करू देत नाही. कागद मधे बोलत नाही.

भाऊजींनी आज दुकानात सगळ्यांना उभं करून सांगितलं. लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या चादरी येतात. त्या पुढेही यायला हव्या असतील तर दर धुण्याला पाणी किती गरम झालं, ते हॉस्पिटलला थेट मशीनकडून कळलं पाहिजे. मशीनला पुढून टच पॅनेल आहे, दाबायचा पडदा. त्याच्या पाठीत वायरलेस कार्ड बसवायचं, की तो पडदा आपणहून सगळं इंटरनेटवरून कळवत बसतो. म्हणजे इतकी वर्षं मी पाणी तापवतेय, पण मला कोणी विचारणार नाही. पडद्याला विचारणार.

पुढचं ऐका. कार्ड मेकॅनिक आणि भाऊजींची बायको मिळून बसवणार म्हणे. ती माझी धाकटी जाऊ. कॉलेज शिकलीय, काउंटरवर बसते. मी मनात तिचं नावच कॉलेज ठेवलंय. आणि वहिनी, भाऊजी म्हणाले, तुम्हाला हे नवीन जड जाईल, तर मशीनखोली हिच्याकडे देऊ आणि तुम्ही काउंटरवर बसा, पंख्याखाली, आरामात.

आरामात! काउंटरवर लोक येतात आणि शर्टाचं बटण कुठे गेलं म्हणून विचारतात. मी तिथे बसले तर महिन्यात गिऱ्हाईक उरणार नाही. हे मी नाही, गिऱ्हाईकच सांगेल.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, कार्ड मीच बसवणार. भाऊजी ह्यांच्याकडे बघायला लागले. हे इस्त्रीकडे बघायला लागले. धंद्याचं सगळं धाकट्या भावावर सोडून हे मोकळे झालेत, त्यामुळे यांना बघायला इस्त्रीच उरलीय. शेवटी ठरलं. रविवारपर्यंत पॅनेल नेटवर्कला लागलं तर खोली माझी. नाही लागलं तर काउंटर.

रविवार कशाला? मला एक दुपार पुरे.

४ मार्च, मंगळवार
संकल्प: कार्ड बसेपर्यंत रागवायचं नाही. रागाने हात थरथरतो आणि काम नाजूक आहे.

कार्ड आलं. काडेपेटीएवढं, हिरवं, एका कडेला सोनेरी दात. मागे शेपटीसारखी काळी वायर. एवढ्याशा वस्तूला खोका केवढा, तर त्यात बाळंतिणीचे कपडे मावतील. आत माहितीपुस्तक. मुंगीएवढी अक्षरं. मी चौथीत शाळा सोडली ती काही असली पुस्तकं वाचायला नाही. चित्रं पाहिली. चित्रातल्या माणसाची नखं इतकी स्वच्छ की त्याने जन्मात चादर पिळली नसणार. अशा माणसाकडून मी काय शिकायचं? पुस्तक पावडरच्या डब्याखाली ठेवलं. डबा डुगडुगत होता, आता नाही.

आमच्याकडे एक नियम आहे आणि तो मीच घातलेला आहे. दुकानात आलेली वस्तू नंबराच्या चिठ्ठीशिवाय आत जाणार नाही. कापडी चिठ्ठी, पक्की शाई, सेफ्टी पिन. म्हणून तर आमच्याकडे कोणाचा मोजा हरवत नाही. कार्डालाही चिठ्ठी लावली. हिरव्या भागात पिन शिरेना, मग वायरीतून घातली. जरा जोर करावा लागला, पण आरपार गेली.

हे म्हणाले, अगं, वायरीला पिन? मी म्हटलं, मग काय तुमच्या कानाला लावू? ते इस्त्रीकडे गेले.

रागावले नाही. विचारलं फक्त.

५ मार्च, बुधवार
सकाळी मेन स्विच बंद केला. ओल्या कपड्यांच्या ढिगात उभी राहून मी इतकी वर्षं वाचलेय ती मेन स्विचमुळेच. कॉलेज येऊन विचारून गेली, ताई, मेन बंद केलात ना? मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर संकल्प मोडला असता.

पॅनेल उघडलं. चार स्क्रू. तीन वाटीत ठेवले, चौथा स्वतःच्या मर्जीने गटाराच्या जाळीत गेला. मशीन बनवणाऱ्याला अक्कल असती तर तीनच दिले असते.

कार्ड खाचेत जाईना. ढकललं. दाबलं. ह्यांना टॉर्च धरायला बोलावलं तर टॉर्च माझ्या डोळ्यांत. मग ते मोठ्याने श्वास घ्यायला लागले. मी सांगितलं, श्वास बाहेर जाऊन घ्या. ते गेल्यावर कार्ड उलटं करून पाहिलं, तर लोण्यात सुरी जावी तसं गेलं. म्हणजे ह्यांचा श्वासच आड येत होता.

वायर लांब होती, लोंबकळत होती. लोंबकळणारी वस्तू मला बघवत नाही. घडी घालून, दोऱ्याने बांधून, चिठ्ठीसकट आत नीट बसवली आणि लोखंडी झाकण लावलं. कपाट लावावं तसं दिसत होतं. पुस्तकातल्या चित्रात वायर बाहेर काढून ठेवलीय असं कॉलेज म्हणाली. डब्याखालचं पुस्तक हिने कधी पाहिलं? माझ्या खोलीत येते, माझा डबा हलवते.

मशीन चालू केलं. पडद्यावर पंख्यासारखी खूण आली आणि तिच्यावर फुली.

भाऊजींना कळवलं: कार्ड बसलं. आता फक्त नेटवर्क राहिलंय.

ते म्हणाले, वहिनी, मग बसलं काय? मी पुढे ऐकलं नाही.

अर्धा दिवस धुणं बंद. हॉस्पिटलच्या चादरी ओसरीवर साचल्या. याचा दोष चौथ्या स्क्रूला.

६ मार्च, गुरुवार
संकल्प आजपासून धरायचा. काल आणि परवा तयारी होती.

फुलीवर दाबलं तर पासवर्ड मागतो. दुकानाच्या वायफायचा पासवर्ड कॉलेजने घातलाय. तिला विचारायचं नाही असं ठरवलं. माणूस पासवर्ड घालतो तो ओळखीचाच घालतो. भाऊजींचं नाव घातलं, नाही. तिच्या माहेरचं आडनाव, नाही. दुकानाचा फोन नंबर, नाही. शेवटी रागाच्या भरात माझं नाव घालून पाहिलं, तेही नाही. ते असतं तर जरा बरं वाटलं असतं, पण ते असो.

दुपारी कॉलेजच चिठ्ठी घेऊन आली, न विचारता. म्हणाली, ताई, तुम्हाला लागेल म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलाय. मोठ्या अक्षरात! जसं काही मी आंधळी आहे. चिठ्ठी घेतली, कारण ती टाकली असती तर कचरा मलाच काढावा लागला असता.

आता यातली खरी अडचण कोणाला कळत नाही. माझे हात दिवसभर ओले आणि सोड्याने चरे पडलेले. मी पडदा बोटाच्या मागच्या पेराने दाबते, ठक ठक, दार वाजवावं तशी. मोठी बटणं होती तोवर चाललं. आता अक्षरं तांदळाएवढी. एका ठोक्यात दोन उमटतात. खोडायला गेलं की तिसरं. पाच वेळा चुकल्यावर पडदा म्हणतो थांबा. मी थांबले. परत चुकलं. परत म्हणतो थांबा. हा मला थांबा सांगणार? माझ्या खोलीत?

एक चापट मारली. हलकीच.

पडदा काळा झाला.

संध्याकाळी आपणहून उजळला, म्हणजे त्याला समजलं. फुली तशीच.

७ मार्च, शुक्रवार
कॉलेज म्हणते मी टाइप करून देते. मी म्हटलं, दे, मला बघायचंच होतं तुला येतं का. तिने केलं. पासवर्ड बरोबर होता, पडदा गोल गोल फिरला आणि म्हणाला नेटवर्क सापडत नाही. बघा! हिलाही आलं नाही. कॉलेज शिकून फुलीच.

दिवसभर मन शांत होतं.

मग लक्षात आलं, काउंटरवर तिला नाही, मला बसायचंय. परवा रविवार. दुपारी काउंटरवर जाऊन उगीच उभी राहिले. एक बाई आली, तिच्या ब्लाऊजची बाही आखूड झालीय म्हणाली. मी सांगितलं, बाही तेवढीच आहे, दंड वाढलाय. बाई ब्लाऊज न घेताच गेली. कॉलेज तिच्यामागे रस्त्यापर्यंत पळत गेली आणि समजूत घालून आणली.

मी मशीनखोलीत परत आले आणि दार लावून घेतलं. तिथे मशीनचा आवाज असतो. पाणी चढतं, ड्रम दम घेतो, उलटा फिरतो. चादर स्वच्छ झाली की आवाज बदलतो, तो मला झोपेतही कळेल. हे काउंटरवरून कसं ऐकू येणार?

मेकॅनिकला फोन केला. मदत नको आहे, असं आधीच स्पष्ट केलं. फक्त माझं काम बघून जा म्हटलं.

८ मार्च, शनिवार
मेकॅनिक उशिरा आला, चहा पिऊन आला, वर इथे परत चहा घेतला. झाकण उघडायला गेला तर विचारतो चौथा स्क्रू कुठाय? पहिला प्रश्न हा. लोकांना दुसऱ्याच्या घरातलं उणंच आधी दिसतं.

झाकण निघालं. तो आत वाकला आणि तसाच वाकून बघत राहिला. मी म्हटलं, काय, आजवर इतकं नीट काम पाहिलं नव्हतंत ना? तो नाही म्हणाला. मग घडी सोडवून त्याने वायर बाहेर ओढली, टोकाला माझी चिठ्ठी, नंबर दोनशे अकरा.

"ही पिन कोणी मारली?"

हे इस्त्री बंद करून मुद्दाम बघायला आले होते, एरवी कधी येत नाहीत.

मग त्याने समजावलं. कार्ड ठीक आहे, जागेवरही बसलंय. पण नेटवर्क या वायरीने पकडायचं असतं. ती आरपार टोचलेली, वर घडी घालून लोखंडी डब्यात बंद. म्हणजे कान टोचून, डोक्यावर पातेलं ठेवून माणसाला विचारायचं, ऐकू येतं का. इतकी वर्षं कार्डं बसवतोय, म्हणाला, पण धोब्याचा नंबर असलेलं पहिलंच.

मी सुनावलं, म्हणूनच ते हरवलं नाही.

त्याच्या पिशवीत दुसरी वायर होती. ती लावली, भोकातून बाहेर काढली, मशीनच्या डोक्यावर उभी केली. फुली गेली. तो खरं बोलला ते फक्त एवढंच, की कार्ड जागेवर बसलंय. ते कोणी बसवलं? मी. याने तर फक्त वायर लावली.

शेवटी पडद्याने नाव मागितलं. मेकॅनिक म्हणाला, मशीन ज्याच्या हातात द्यायचं त्याचं नाव आणि ईमेल टाका, मग त्याच्या मोबाइलवर सगळं येईल. कॉलेज म्हणाली, ताईंचं टाका, मशीन त्या बघतात. ताई, तुमचा ईमेल काढू का, पाच मिनिटं लागतील.

पाच मिनिटं! बुधवारपासून साचलेल्या चादरी ओसरीवर, मेकॅनिक दात काढतोय, हे पिनेकडे बघतायत आणि हिला माझा ईमेल काढायचाय. माझ्या फोनला बटणं आहेत, तो फोनचं काम करतो.

"तुझंच टाक आणि नीघ इथून. मला कामं आहेत."

तिने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं नाव टाकणं हे कारकुनी काम आहे, ते काउंटरनेच करावं. माझं नाव तिने खाली मदतनीस म्हणून घातलं. घालू दे. खोलीशी मतलब.

९ मार्च, रविवार
जिंकले.

भाऊजी येऊन बघून गेले. फुली नाही. हॉस्पिटलमधून कळवलं म्हणे, सगळं दिसतंय. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, वहिनी, खोली तुमची, शब्द म्हणजे शब्द. कॉलेजने टाळ्या वाजवल्या. हसून हसून वाजवल्या, पण वाजवाव्या लागल्या ना?

या रस्त्यावर आणखी दोन लॉन्ड्र्या आहेत. त्यांनाही आज ना उद्या कार्ड लागेल. बोलवायला येतील. लगेच जायचं नाही.

१० मार्च, सोमवार, सकाळ
खोलीत गेले तर मशीनमध्ये पाणी चढत होतं. मी चादरी काल रात्रीच भरून ठेवल्या होत्या, पण चालू कोणी केलं? कॉलेजने. घरून, मोबाइलवरून. भाजी चिरता चिरता.

हॉस्पिटलच्या चादरींवर पिवळे डाग होते. त्याला पाणी जरा जास्त तापवावं लागतं, हे मला वासावरून कळतं. पेराने ठोकलं. पडद्यावर कुलूप आलं. परत ठोकलं. परत कुलूप. काउंटरवर गेले, तोवर ती येऊन बसली होती. ती समजावत होती, शांतपणे, त्याचाच जास्त राग आला. हॉस्पिटलचं पाणी आता ठरलेलं असतं. ते फक्त ज्याच्या नावावर मशीन आहे त्यालाच बदलता येतं.

"पण ताई, तुम्ही नुसतं सांगा, मी इथून परवानगी देते."

माझ्या मशीनला. मला. परवानगी.

मी मागितली नाही. डाग राहिले तर राहू देत. मग राहवलं नाही, जाऊन सांगितलं, दे. तिने मोबाइलला एक बोट लावलं. कोरडं, स्वच्छ. आत पाणी तापायला लागल्याचा आवाज आला.

नाव बदलून घ्यायचं मी ठरवलंय. मेकॅनिकला विचारलं, तो म्हणाला ज्याच्या नावावर आहे त्यानेच बदलायचं असतं. म्हणजे तिला विचारावं लागेल. विचारणार नाही.

दुपार
धुणं झालं की पडदा आता बीप करतो आणि मदतनीसाला चादरी काढायला सांगतो. काढेपर्यंत थांबत नाही.

मी स्टुलावर बसले होते. ड्रमचा आवाज बदलला. उठले, दार उघडलं, चादरी काढल्या. डाग गेले होते. काउंटरवरून तिने हाक मारून विचारलं, ताई, बीप ऐकू आला ना?

मी आधीच उठले होते. बीप नंतर झाला.