माझ्या पाळीचं पाणी

पुणे, ३ एप्रिल २०२४

ती. सौ. काकूंस, शिवांजलीचा सा. न.

वि. वि. फोनवर तुम्ही बरं बरं म्हणत विषय बदलता, म्हणून पत्र. काकांनी सामाईक विहिरीतली आपली पाण्याची पाळी भावकीतल्या रणधीरकाकांच्या लिंबाच्या बागेला दिली आणि तुम्ही त्यावरून घर डोक्यावर घेतलंत, असं कळलं.

नीतिशास्त्राच्या सरांनी तीन तऱ्हेची माणसं लिहून आणायला सांगितली होती: स्वतःचंच पाहणारा, दुसऱ्यासाठी झिजणारा आणि दुसऱ्याला खाऊन जगणारा. पहिल्यात मी शेजारचे बसप्पा घातले, दुसऱ्यात काका. तिसऱ्यासाठी आपल्या बेंबळी गावात माणूसच सापडेना. राग मानू नका, पण तुम्हाला बसप्पांच्या रांगेत बसवलं आहे.

माया आहे तशीच राहू द्या.
आपली, शिवांजली


बेंबळी, ९ एप्रिल २०२४

चि. शिवांजलीस अ. आ.

राग मानू नका म्हणतेस. मानला आहे. फोनवर बोलत नाही, कारण शेजारी तुझे काका बसलेले असतात.

रणधीरभाऊजींची बाग मागच्या वर्षीच वाळून गेली, झाडं उपटूनही झाली. आमच्या पाळीचं पाणी ते टँकरमध्ये भरतात आणि हायवेवरच्या धाब्यांना विकतात. इकडं माझं म्हशींसाठी पेरलेलं कडवळ वाळलं. एक म्हैस आटली. दुसरी विकायची बोलणी तुझ्या काकांनी माझ्या माघारी चालवली आहेत. विचारलं तर म्हणतात, आपण कुणाचं घेतलं तर न्हाय, दिलंच की. दिलं खरं, पण कुणाचं? चारा माझा, म्हशी माझ्या, पहाटे उठून शेण काढणारी मी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून हे गावात देवमाणूस झाले, आणि मी कजाग.

बसप्पा लई चिकट, हे मला सांगू नकोस. वीस वर्षांत त्यांनी कुणाला घोटभर पाणी दिलं नाही. पण त्यांची पाळी संपली की मोटार स्वतः येऊन बंद करतात. परवा मी गेले, तर तोंडावर विचारलं की, मला काय मिळंल? मी शेणखत कबूल केलं, त्यांनी अर्धा दिवस पाणी दिलं. दोघंही शब्दाला जागलो. स्वतःचं पोट भरणारा आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारा, दोघांनाही आपण स्वार्थीच म्हणतो. तुझ्या सरांना हे चालतं का, विचार.

आणि तुझा तिसरा माणूस दर दोन दिवसांनी माझ्या ओसरीवर चहा पिऊन जातो. बशी तुझे काका पुढं करतात.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी, द्वारकाकाकू


पुणे, १६ एप्रिल २०२४

ती. सौ. काकूंस सा. न.

वि. वि. निबंध परत मागून घेतला. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. काकांनी मला शिकवलं, असं मी जगाला सांगत आले. फी भरली ती तुमच्या म्हशींच्या दुधावर. म्हणजे तेही तुमच्याच ताटातलं काकांनी उचलून दिलं का? तसं असेल तर तिसऱ्या रांगेत मीच बसते. खरं काय ते लिहा. आणि म्हैस विकू देऊ नका.

अपराधी पुतणीवर लोभ ठेवा.
शिवांजली


बेंबळी, २३ एप्रिल २०२४

चि. शिवांजलीस अ. आ.

म्हैस दावणीला आहे. मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला. रणधीरभाऊजी परवा चहा न घेताच गेले. तुझे काका चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत. बोलेनात का.

तुझं म्हणशील तर उगी रडत बसू नकोस. तुझी फी पहिल्यांदा भरायची होती त्या वर्षी तुझे काका गोठ्यात आले, धार काढून होईस्तोवर उभे राहिले आणि म्हणाले, दुधाचा पैसा तुझा आहे, पोरीला शिकवायचं का? मी हो म्हणाले. ते मी दिलं, त्याचं तुझ्यावर काही ओझं नाही.

यंदा पाण्याचंही त्यांनी विचारलं असतं, तर मी कदाचित हो म्हणाले असते. विचारलंच नाही.

सुट्टीत ये, तोवर आशीर्वाद आहेतच.
तुझी, द्वारकाकाकू