डबीतला बिब्बा

कुंभारवाडा, माघ वद्य ५, शके १८४५

ती. स्व. यशवंतदादास केसरचे शि. सा. न. वि. वि.

तुम्ही बेळगावहून पाठवलेली क्रीमची डबी मिळाली. रानात राहून म्हशीसारखी कातडी झाली म्हणून चिडवलंत, तेही वाचलं. उळवीच्या जत्रेला जायचं म्हणून दोन दिवस तोंडाला चोपडली. तिसऱ्या दिवशी डोळे मिटण्याइतकं तोंड सुजलं, फोड फुटून पाणी गळू लागलं. बिब्बा उतला की असंच होतं, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक. आणि बिब्बा हाताळते माझी विधवा जाऊ फुला. साऱ्या वाडीच्या टाचांच्या भेगांना तीच बिब्ब्याचं तेल लावते. हिनंच डबीत कालवला, असं मी ओरडले.

ह्यांनी तिला केसांना धरून अंगणात ओढलं, कुऱ्हाडीच्या दांड्यानं बरगड्या बडवल्या आणि तिच्याच वाटीतलं तेल कढवून तिच्या उजव्या हातावर ओतलं. कातडी सोलून आली. ती घसा फोडून नाही म्हणत होती. आता गोठ्यात कोंडली आहे. अमावास्येला गावकरी बसून तिला वाडीबाहेर हाकलणार. मला मुळीच वाईट वाटत नाही.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

केसर


बेळगाव, माघ वद्य ९

चि. सौ. केसरास अनेक आशीर्वाद.

फुलाला आधी सोडवा! तुझं पत्र डॉक्टरसाहेबांना दाखवलं. क्रीम नासू नये म्हणून तिच्यात औषध घालतात. एखाद्याच्या कातडीला ते सोसत नाही आणि ती अशीच उतते. मी दवाखान्यात कंपाउंडर, पण पाठवताना मला हे सुचलं नाही. चूक माझी, मार तिला.

म्हादू गाडीवाल्याच्या हाती दुसरी, लाखेचं सील असलेली डबी देतोय. गावकऱ्यांसमोर सील फोड आणि तुझ्या कोपराच्या लवणीत बोटभर लाव. जे होईल ते सर्वांना बघू दे. तुझ्या यजमानांना, परशुरावांना सांग, हात आवरा. जपून राहा.

यशवंत


कुंभारवाडा, फाल्गुन शुद्ध ३

ती. स्व. दादास केसरचे शि. सा. न. वि. वि.

वाडीच्या मुख्यानं, वासू गावकारानं स्वतः सील फोडलं. अमावास्येपर्यंत माझं कोपर सोलून निघालं. ह्यांनी पागोटं फुलाच्या पायांवर ठेवलं, मीही पाय धरले. पहिलं नाव मीच घेतलं होतं, दादा. ती लाज मरेपर्यंत जायची नाही.

तिची तीन बोटं एकमेकांना चिकटली आहेत. घरात ये म्हणून मी रडले, तर ती म्हणाली की आज डबी आली म्हणून सुटले; उद्या कुणाची म्हैस मेली नि पुन्हा माझंच नाव घेतलं तर बेळगावहून कोण काय पाठवणार हाय? ती माहेरी निघाली. एका हातानं तिला गाठोडं बांधता येईना. ते मीच बांधून दिलं.

रागवा, पण पत्र बंद करू नका.

केसर