एकवीस कोटी, अर्ध्या कपात

प्रिय ठोंब्या,

सुई दिसली की पलंगाखाली लपणारा तू काल दोन्ही हातांत सुया टोचून घेऊन पाच तास त्या रक्तातून मूळ पेशी वेगळ्या काढणाऱ्या यंत्राशेजारी गप्प पडून होतास, हे नर्सनं सांगितलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. आता घरी गुपचूप झोप काढ. माझं म्हणशील तर तोंडाला चव नाही, आणि माझ्या हाडांत रक्त तयार करणारं जे काही होतं ते औषधांनी पार धुऊन काढलंय. आता मागे फिरायची सोय नाही. तुझ्या पेशी पुरल्या तरच तुझी ताई वाचणार.

म्हणून सकाळी प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावला. एकूण आकडा सांगू नका, म्हटलं, जन्मभर गणित शिकवलंय, गुणाकार मीच करते. मला हव्यात निदान ८.४ गुणिले दहाचा सातवा घात. तुझ्या पिशवीत सत्तर मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे ३ गुणिले दहाचा सहावा घात. सत्तर म्हणजे ७ गुणिले दहाचा पहिला घात. आकड्यांचा गुणाकार, घातांकांची बेरीज. सात त्रिक एकवीस, सहा नि एक सात. एकवीसचे नीटनेटके २.१ केले, घात तसाच ठेवला. हवे ८.४ आणि हाती २.१, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा. तुला काय तोंडानं सांगू, ते सुचेना.

मग माझ्यातल्या मास्तरीणबाई जाग्या झाल्या. अगं बाई, दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकलं, तर घात एकानं वाढायला नको का? याच चुकीसाठी मी तुझा कान पिळायचे. २.१ गुणिले दहाचा आठवा घात. एकवीस कोटी. हव्यात त्याच्या अडीचपट.

अर्धा कप चहाएवढी ती पिशवी, आणि तिच्यात एकवीस कोटी जिवंत पेशी. बिस्किटाचा तुकडा द्यायला कुरकुरणाऱ्या तुझ्या अंगात एवढं होतं? दहाच्या डोक्यावरचा तो इवलासा आठ मी हजारदा फळ्यावर लिहिला आणि हात झटकून पुढे गेले. आज त्याच्याकडे बघून अंगावर काटा आला.

दुपारी पिशवी लावतील. पेशी रुजल्या की माझ्या अंगात तुझंच रक्त तयार होईल, रक्तगटसुद्धा तुझा, असं डॉक्टर म्हणाले. मग तुझे आभार मानणं म्हणजे स्वतःचेच मानल्यासारखं होईल, आणि ते काही मला जमायचं नाही. अजून दुपारपर्यंत मी वेगळी आहे, तेवढ्यात उरकून घेते. मी तुझी फार आभारी आहे रे.

अजून थोडा वेळ निराळी, पण तुझीच,
ताई