ग्रहण सातव्या महिन्यात आलं होतं

आई, मी आता नगरच्या एका दवाखान्यात ईसीजी काढते. काल पाथर्डीकडची एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे ओठ आणि नखं निळी. दारापासून टेबलापर्यंत येताना ती मध्येच उकिडवी बसली आणि मला आपली धाकटी दिसली. तीही विहिरीच्या वाटेवर अशीच बसायची, आणि मी तिला आळशी म्हणून हाताला धरून ओढायचे. एकदा तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "बसू दे. तिचं तिला कळतं," म्हणालीस. तुझं बरोबर होतं. तसं बसल्यानं फुप्फुसांकडे जास्त रक्त जातं.

डॉक्टरांनी बाईला समजावलं की मुलीच्या हृदयात चार दोष एकत्र आहेत: मधल्या पडद्याला भोक, फुप्फुसांकडची वाट अरुंद, मोठी धमनी सरकलेली, उजवा कप्पा जाड. मुंबईला ऑपरेशन होतं असं सांगून तिथल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठीही दिली. बाई मान खाली घालून होती, चिठ्ठी घेईना. शेवटी बरोबर आलेल्या सासूनंच मला सांगितलं, "गिरानात वांगं चिरलं हिनं. त्याचं हाय हे." मी बाईला विचारलं, तेव्हा कितवा महिना होता. पाचवा सरला हुता, म्हणाली. मी तिला म्हटलं, "हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडून जातं. दोष ग्रहणाच्या आधीचा आहे. तुझ्या हातून काही झालेलं नाही." सासू म्हणाली, "मंग वांगं उगाच बदनाम झालं म्हनायचं." बाई पदर तोंडाला लावून हसली. चिठ्ठी घडी करून तिनं चोळीत ठेवली. पुढच्या आठवड्यात निघणार आहेत.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी महिने मोजले. धाकटी माघातली, ग्रहण कार्तिकातलं. तुला सातवा लागला होता. ती पाचव्या वर्षी गेली, आणि त्यानंतर तू जाईपर्यंत विळीला हात लावला नाहीस. भाजी हातानं मोडायचीस, आणि काकू "ग्रहणात चिरलं हिनं" म्हणत ते आल्यागेल्याला दाखवायची. ग्रहणात तू एक पेरू चिरलास, एवढंच. धाकटीचं हृदय त्याच्या कितीतरी आधी तसं घडलं होतं. हे नेमकं सांगता येतंय याचं मला आज समाधान आहे.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून पुढचंही लिहिते. पेरू तू मला भूक लागली म्हणून चिरला होतास. काकूला ते मीच सांगितलं.