बारा टक्क्यांची एक ओळ

कन्हान, ७ एप्रिल २०२४

चि. पायल हिस सप्रेम जयभीम.

बाबांच्या पेन्शनच्या अर्जापासून भाऊ अंकुशच्या नोकरीच्या अर्जापर्यंत, आपल्या घरातून बाहेर जाणारा प्रत्येक इंग्रजी कागद आधी माझ्या लाल पेनाखालून गेला. आणि तुझ्या बुटीबोरीच्या कंपनीचा वार्षिक अहवाल तू माझ्यानंतर पुन्हा वहिनीले दाखवला! मेघा शहरातल्या ऑफिसात बसते म्हणून ती शहाणी, अन् मी शाळेत एकवीस वर्षं खडू झिजवले ते काय उगीच?

अंकुशने मोठ्या कौतुकाने सांगितलं. मागल्या वर्षाच्या तुलनेत सुताच्या उत्पादनात बारा टक्के इतकी वाढ झाल्याचे दिसून येते, हे इंग्रजीत तीन ओळींचं वाक्य मी तुझ्याकडून घोटून घेतलं होतं. मेघाने म्हणे सगळं छाटलं. उत्पादन बारा टक्क्यांनी वाढलं, संपलं! शाबासकी तिले. मी जळून राहिली, हो, जळून राहिली! लपवून काय करू?

त्याच रागात मागल्या रविवारी विहारात चंद्रभानकाकांजवळ बोलून बसली, की पायलचं इंग्रजी तिचं नाहीच, वहिनी लिहून देते. ते तुझ्याच कंपनीत आहेत हे तेव्हा सुचलंच नाही. तुले मिळणाऱ्या सुपरवायझरच्या जागेचं काही बिघडलं तर नाही न वं? अन्न गोड लागून नाही राहिलं.

रागाव, पण बोलणं तोडू नको.

तुझी,
प्रेमिलाताई

बुटीबोरी, १२ एप्रिल २०२४

ती. प्रेमिलाताईस सविनय जयभीम, वि. वि.

बिघडलंच होतं. काकांनी सोमवारीच साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी मले केबिनमध्ये बसवलं, मोबाइल काढून घेतला अन् दुसऱ्या खात्याचे आकडे समोर टाकले. मागल्या वर्षी चारशे टन, यंदा पाचशे, इंग्रजीत लिही म्हणाले. मी एकच ओळ लिहिली, की उत्पादन पंचवीस टक्क्यांनी वाढून पाचशे टनांवर गेलं.

तुझा इतका राग आला, ताई! काहून केलं असं? अगं, मागल्या वर्षी तुझ्या त्या लांबलचक वाक्यांवर सारं ऑफिस हसलं होतं. तुले ते सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून मी गुपचूप वहिनीकडे गेली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. जागा मिळाली मले! मग त्यांनी विचारलं, इतकं नेमकं लिहायला शिकवलं कोणी. माझ्या तोंडून तुझंच नाव निघालं.

हे मेघावहिनीले कळू देऊ नको. नाहीतर आता जळायची पाळी तिची येईल.

अशीच भांडत राहा, पण जीव लावून.

तुझी धाकटी,
पायल